सोंगाड्याला मिळालेली सूट

शाळेची वेळ झाली की ज्याचं पोट दुखू लागतं आणि पोरं शाळेत गेली की ज्याला आपोआप बरं वाटतं, त्याच्याबद्दल मराठवाड्यातली आई म्हणते, "लई सोंगाड्या हाय हे पोरगं." निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन डोळे पुसणाऱ्या पुढाऱ्यालाही पारावरची माणसं हाच शब्द लावतात, पण तेव्हा आईच्या आवाजातलं कौतुक त्यात नसतं, चीड असते. आणि तमाशाच्या फडात जो राजाच्या शेजारी उभा राहून राजाचीच फिरकी घेतो, त्याचंही नाव सोंगाड्याच. तिथे तो मान आहे, फडातल्या कसबाचा मोठा दर्जा आहे. लाड, शिवी आणि मान या तिन्हींचा भार एकाच शब्दाने वाहावा, हे भाषेतलं गोंधळाचं लक्षण आहे असं कोणी म्हणेल. मला ते शहाणपण वाटतं. दुसऱ्याची गंमत करणारा, वेश पालटणारा, खोटं बोलून हसवणारा माणूस समाजाला हवाही असतो आणि त्याची भीतीही असते. ही दोन्ही टोकं धरून ठेवणारा शब्द मराठीने घडवला आणि त्यासोबत सोंगाड्याला सूट कधी द्यायची आणि कधी काढून घ्यायची, याचा एक नियमही घडवला. तो नियम आपण विसरत चाललो आहोत, आणि त्याचं नुकसान शब्दापुरतं राहिलेलं नाही.

खोड्या काढणाऱ्याला मराठीत शब्दांची वाण नाही. खोडकर, खट्याळ, अवखळ हे शब्द प्रामुख्याने लेकरांसाठी. त्यांत रागापेक्षा माया जास्त. व्रात्य हा शब्द तर वेदकाळात विधिबाह्य जगणाऱ्या लोकांसाठी होता, तो घसरत घसरत शेजाऱ्याच्या खिडकीची काच फोडणाऱ्या पोरापर्यंत आला. वात्रट आणि चावट बोलण्यावरून ठरतात. मस्करी अरबीतून फारसीमार्गे आली आणि दख्खनीच्या या मुलखात इतकी रुळली की तिचं परकेपण कोणाला जाणवत नाही. टवाळ आणि कुटाळ मात्र वेगळ्या जातीचे. त्यांना स्वतःचं काम नसतं आणि दुसऱ्याचं काम पाहवत नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आजच्या जालना जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यातच. कोणाला काय आवडतं याची यादी दासबोधात देताना त्यांनी विनोद टवाळांच्या वाट्याला घातला, आणि पुढच्या पिढ्यांनी ते वाक्य संदर्भातून उचलून सगळ्याच हसण्यावर फेकून मारलं. एवढे शब्द जवळ असूनही सोंगाड्याची जागा यांतला एकही घेऊ शकत नाही. खोडकर आणि टवाळ ही स्वभावाची नावं आहेत. सोंगाड्या हे कामाचं नाव आहे. तो काहीतरी घेतो, वठवतो आणि पुन्हा उतरवून ठेवतो.

जे तो घेतो ते सोंग. उत्तरेकडचं स्वांग आणि आपलं सोंग एकाच कुळातले. मराठी माणूस सोंग घेतो, आणतो, करतो आणि वठवतो, आणि या चार क्रियापदांचे अर्थ एक नाहीत. सोंग करणं म्हणजे ढोंग. सोंग वठवणं म्हणजे कला. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, कारण तो जागाच असतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, या म्हणीत तर माणसाच्या बहुतेक व्यवहारांत थोडं सोंग असतंच हे गृहीत धरलेलं आहे. नाशिक-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याच्या रात्री मशालींच्या उजेडात देव-दैत्यांचे मुखवटे नाचवतात, त्यांनाही सोंगंच म्हणतात, आणि तिथे माणसं त्या सोंगाला हात जोडतात. मुखवट्याआड गावातलाच ओळखीचा माणूस आहे हे हात जोडणाऱ्याला ठाऊक असतं. सगळ्यांना ठाऊक आहे, तरीही सगळे मानतात: सोंगाची प्रतिष्ठा या दोन गोष्टी एकत्र असण्यावर टिकते. पहिली काढून घेतली की उरते फसवणूक.

हा नियम सर्वांत स्पष्ट दिसतो तो छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला. संत एकनाथांनी गुरू जनार्दनस्वामींकडे देवगिरीच्या किल्ल्यावर विद्या घेतली, 1573 मध्ये भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका काशीत पूर्ण केली, पुढे ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला. अशा पंडिताने सुमारे 300 भारुडं लिहावीत आणि त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी, गारुडी, फकीर, कोल्हाटीण, डोंबारी, बहिरा, मुका, नवऱ्याला कंटाळलेली बाई अशी सोंगं घ्यावीत, याचा विचार मन लावून करायला हवा. भारुडाची रचना सोंगाड्याच्या कसबावर उभी आहे. आधी रंगात येऊन एखादं सामान्य पात्र बोलू लागतं. विंचू चावलेली बाई कळवळते, लोक हसतात. मग हळूहळू उलगडतं की विंचू कामक्रोधाचा आहे आणि उतारा सत्त्वगुणाचा. हसणाऱ्याच्या लक्षात येतं की चावा आपल्यालाही बसलेला आहे. इथे प्रेक्षक फसतो, पण त्याची फसगत त्याच्याच समोर, त्याच बैठकीत सोडवली जाते. जाताना तो काही गमावून जात नाही. आणि सोंग घेणारा स्वतः सुटत नाही, कारण विंचू त्यालाही चावलेला असतो.

याच पैठणातली दुसऱ्या प्रकारच्या गमतीची कथा एकनाथांच्या चरित्रात सांगितली जाते. नाथांना राग येत नाही याचाच ज्यांना राग होता, अशा कुटाळांनी एका गरजू ब्राह्मणाला पैशांचं आमिष दाखवून त्यांच्या घरी धाडलं. तो पायतणांसकट घरात शिरून थेट नाथांच्या मांडीवर बसला, आणि जेवण वाढायला वाकलेल्या नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंच्या पाठीवर चढला. तो पडेल, सांभाळ, असं नाथांनी म्हटलं तेव्हा मुलाला पाठीवर घेऊन काम करायची सवय असल्याचं त्यांनी सांगितलं. कथा सहनशीलतेची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण थट्टेच्या अंगाने पाहिली तर तिच्यात तीन बाजू आहेत: कट्ट्यावर बसून मजा पाहणारे, गरजेपोटी त्यांचं हत्यार झालेला माणूस, आणि ज्यांना न विचारता खेळात ओढलं ते घर. कुटाळांनी स्वतः सोंग घेतलं नाही, गरिबाला घ्यायला लावलं. त्यांनी स्वतः काहीच पणाला लावलं नाही. मराठीने त्यांना सोंगाडे म्हटलं नाही, कुटाळ म्हटलं, आणि हा भेद अचूक आहे.

तमाशाने हा भेद व्यवसायात उतरवला. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग या क्रमात सोंगाड्या गौळणीत पेंद्या होतो, बतावणीत सरदाराला उलटसुलट उत्तरं देऊन बेजार करतो आणि वगात राजाच्या पदरी नोकर म्हणून उभा राहतो. राजाने राज्याची हालहवाल विचारायची आणि सोंगाड्याने ज्या गावात फड लागला आहे त्या गावचे खड्डे, तिथला धान्याचा भाव, तिथल्या चावडीची लबाडी सांगायची, ही ठरलेली वाट. संहिता ढोबळ, बाकी सगळं हजरजबाबीपणावर. दादू इंदुरीकरांनी गाढवाचं लग्न या वगात उभा केलेला सावळ्या कुंभार, कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांची जोडी, वसंत सबनिसांच्या विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्यात रोजच्या घडामोडींवर शेरे मारणारे दादा कोंडके: यांच्यातला समान धागा म्हणजे मार नेहमी वरच्या दिशेने. सोंगाड्या बावळट दिसतो, कपडे ढगळ, बोलणं अडाणी, पण त्याच्या बावळटपणाने उघडा पडतो तो राजा, कोतवाल, सावकार. 1971 मध्ये कोंडक्यांचा चित्रपट सोंगाड्या याच नावाने आला आणि चालला. नायकाचं नाव नाम्या, भोळा, तमाशाच्या नादी लागलेला. खेड्यातली जी उपाधी घरंदाज माणसं नाक मुरडून उच्चारत, ती शहरातल्या चित्रपटगृहांच्या फलकांवर झळकली, ही गोष्ट छोटी नाही.

याच परंपरेचं शहाणं, सुशिक्षित रूप छत्रपती संभाजीनगरने पाहिलं ते लक्ष्मण देशपांड्यांच्या वऱ्हाड निघालंय लंडनला या एकपात्री प्रयोगात. देशपांडे इथल्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी लंडनला निघतं, एवढ्याशा गोष्टीत त्यांनी 52 व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या, आणि 2009 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या प्रयोगाची ओढ ओसरली नव्हती. विमानाचं अप्रूप, पाहुण्यांचे रुसवेफुगवे, म्हाताऱ्यांची धास्ती हे सगळं मराठवाडी बोलीत. त्या काळी ही बोली मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर बहुधा गडी-नोकराच्या तोंडी घातली जाई आणि ती ऐकूनच लोक हसत. देशपांड्यांनी तिला आख्ख्या प्रयोगाची भाषा केलं. एकच माणूस क्षणात सासू आणि क्षणात व्याही होताना दिसतो, तेव्हा सोंग उघडंच असतं. लपवायला पडदाही नसतो. ज्या खेड्यातल्या माणसांची नक्कल चालली होती, ती माणसं त्याला हसायला गर्दी करत. नक्कल अपमानाची असती तर पहिल्यांदा त्यांनाच कळलं असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सोंगाड्याला सूट होती हे म्हणणं सोपं, पण ती दिली कोणी आणि तिची किंमत कोणी मोजली? तमाशा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी जगवला. रात्री फडावर राजाची टोपी उडवणारा माणूस सकाळी गावच्या विहिरीवर पाणी भरू शकत नव्हता. म्हणजे ही सूट रात्रीपुरती होती. समाजाने आपली वाफ जाऊ द्यायला ठेवलेलं ते झाकणातलं भोक होतं, असं म्हणता येतं. भारुडांबद्दलही विचारता येतं की ब्राह्मण संताने महाराच्या तोंडचा जोहार लिहिला, त्यात महाराचा स्वतःचा आवाज किती? मी हे आक्षेप बाजूला सारत नाही. सोंगाड्याच्या विनोदाने विहीर खुली झाली नाही, ती झाली चळवळीने. पण चळवळीने काय केलं तेही पाहावं. सत्यशोधक जलसे आणि त्यानंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा बाज टाकून दिला नाही. देवादिकांची स्तुती आणि शृंगार काढला, पण सवाल-जवाब, फिरकी, भोळेपणाचं सोंग घेऊन रूढीला कोंडीत पकडणं हे ठेवलं. ज्यांनी त्या कलेची किंमत आपल्या अंगावर मोजली होती, त्यांनीच तिच्यातलं हे अवजार उचलून जपलं. एकनाथांपुरतं सांगायचं तर सोळाव्या शतकात वरच्या जातीच्या माणसाने खालच्या ठरवलेल्या माणसाच्या तोंडून शहाणपण वदवणं आणि त्याचा उपहास करणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यांचं लिहिणं अपुरं असेल, पण त्यांनी मार खालच्या दिशेने मारला नाही.

सूट कशी संपते, हे पाहायचं तर बहुरूप्याकडे यावं लागतं. गावोगाव फिरणारा बहुरूपी, काही भागांत त्याला रायरंद म्हणतात, कधी देव, कधी साहेब, आणि बहुतेकांच्या आठवणीत पोलीस. खाकी कपडे, शिट्टी, हातात वही. दारात येऊन दरडावून असा काही गुन्हा सांगायचा की आधी छातीत धस्स व्हावं आणि पुढच्याच वाक्याला हसू फुटावं. मग हात पुढे: चार दाणे, चार पैसे. घाबरणं आणि हसणं यांत अंतर क्षणभराचं, आणि ते कमी ठेवणं हेच त्याचं कौशल्य. जुन्या भारतीय दंड संहितेत आणि आता भारतीय न्याय संहितेत लोकसेवकाचा पोशाख घालणं गुन्हा ठरतं ते लोकांनी आपल्याला खरोखर लोकसेवक समजावं असा हेतू असेल तर. म्हणजे कायद्यालाही कापडापेक्षा हेतू पाहायचा आहे. बहुरूप्याला आपण खरे वाटून चालणारच नाही. खरे वाटलो तर दाणे कोण देणार? आज त्याच खाकीत दुसरा माणूस मोबाइलच्या पडद्यावर येतो. व्हिडिओ कॉलवर पोलीस ठाण्यासारखी खोली, खांद्यावर तारे, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याची धमकी, आणि पैसे पाठवेपर्यंत कॉल बंद करू न देण्याची सक्ती. डिजिटल अरेस्ट नावाच्या या लुबाडणुकीबद्दल पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये मन की बातमधून लोकांना सावध केलं. पोशाख तोच, दरडावणी तीच. फरक इतकाच की इथे सोंग कधीच उतरवलं जात नाही, आणि माणसाला एकटं पाडलं जातं. बहुरूपी नेहमी भर गल्लीत, चार माणसांत सोंग वठवायचा. ती चार माणसं हीच त्याच्या सोंगाची हमी होती.

सोंग ओळखायची ही सवय मोडल्याचा फटका खऱ्या फिरस्त्यांना बसला. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते, मूळचे मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. ते कोणतंही सोंग घेऊन आले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वेशाला लोकांनी दाराशी उभं राहू दिलं, तो वेशच संशयाचा पुरावा ठरला. अफवा हे त्याचं तातडीचं कारण, आणि मारणाऱ्यांची जबाबदारी कोणत्याही सामाजिक कारणाने हलकी होत नाही. पण दारात आलेल्या अनोळखी वेशाशी दोन वाक्यं बोलून तो कोण हे पारखण्याचा जो सराव वासुदेव, गोंधळी, पांगूळ, बहुरूपी यांनी गावांना दिला होता, तो नसला की भीतीला अडवायला काही उरत नाही, हे मला त्या घटनेत दिसतं.

आता कोणी म्हणेल, मोबाइलवर प्रँक करणारी मुलंही शेवटी कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात, सोंग उघडं करतात, मग त्यांनाही सोंगाडे म्हणा की. नियम इथेच कामाला येतो. भाजीवालीला खोट्या नोटेने घाबरवायचं, रिक्षावाल्याशी खोटं भांडण काढायचं, तो रडकुंडीला आला की हसत खांद्यावर हात टाकायचा. हे उघड करणं त्या माणसासाठी नसतं, चित्रफीत पूर्ण व्हावी म्हणून असतं. प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून माहीत असतं, फक्त ज्याच्यावर बेतते त्याला माहीत नसतं. भारूड, बतावणी, बहुरूपी या तिन्हींत ज्याची गंमत केली जाते तोच प्रेक्षक असतो. इथे दोघे वेगळे केलेले आहेत, पैठणच्या कुटाळांनी केले होते तसेच. आणि मार खालच्या दिशेने, कारण भाजीवाली पोलिसात जाणार नाही हे आधीच हेरलेलं असतं. काही जण खरंच बरोबरीच्या माणसांशी, त्यांच्या संमतीने चांगली गंमत करतात; त्यांना सोंगाड्या म्हणायला माझी ना नाही. पण प्रँक या शब्दात हा निवाडा करायची सोय नाही. तो टवाळाला, कुटाळाला आणि सोंगाड्याला एकाच पंगतीला बसवतो. शब्द बदलतात, त्यात रडायचं काय, हे म्हणणं मला अशा वेळी पुरेसं वाटत नाही. सोंगाड्या हा शब्द आता बहुतेक वेळा राजकीय भाषणांत शिवी म्हणूनच कानावर येतो. त्याचा मानाचा अर्थ गेला तर ढोंगी आणि कलावंत यांच्यात फरक करणारा एक घरचा काटा आपल्या हातून जाईल.

हा फरक कागदोपत्री आपणच पुसलेला आहे, आणि तो दुरुस्त करणं शक्य आहे. मुंबईचा भिक्षाप्रतिबंध कायदा 1959 चा. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं या बहाण्यांखाली सार्वजनिक ठिकाणी मागणंही येतं. म्हणजे वासुदेवाचं गाणं आणि बहुरूप्याचं सोंग कायद्याच्या नजरेत बहाणा. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्याच्या भिक्षा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या, पण तो निकाल दिल्लीपुरता होता. ज्या महाराष्ट्रात भारुडाच्या स्पर्धा भरतात, लोककलावंतांना मानधन दिलं जातं आणि नाथषष्ठीला पैठणची वाळवंटं वारकऱ्यांनी भरून जातात, त्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने गाणाऱ्या-नाचणाऱ्या-सोंग घेणाऱ्या माणसाला त्या व्याख्येतून बाहेर काढावं. लुबाडणाऱ्यासाठी वेगळी कलमं आहेतच.